वाचक विचारतात: पार्सल कस्टममध्ये अडकलंय, आता काय करू?

नोकरी, शिक्षण, लग्न अशा कारणांनी परदेशात राहायला गेलेल्या वाचकांची पत्रं यावेळी खूप आली आणि जवळजवळ सगळ्यांचा विषय एकच, ऑनलाइन मागवलेलं पार्सल आणि कस्टम. मी पार्सल क्लिअरन्सच्या, म्हणजे कस्टममधून पार्सल सोडवायच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडे दिला. देश बदलला की आकडे बदलतात पण त्यामागची पद्धत जगभर बरीचशी सारखीच आहे, म्हणून आधी पद्धत सांगतो आणि जिथले आकडे मला पक्के माहीत आहेत तिथले देतो.

प्रश्न: एका परदेशी साइटवरून जॅकेट आणि बूट मागवले. वस्तूंचे पैसे भरले, शिपिंगचे भरले, आणि आता कुरिअरवाला दारात उभा राहून अजून पैसे मागतोय, तेही वस्तूच्या किमतीच्या जवळपास चाळीस टक्के. ही फसवणूक आहे का? पार्सल घेऊ की परत पाठवू?

फसवणूक नाहीये बहुतेक, पण पैसे द्यायच्या आधी हिशोब नक्की मागा. मुळात एक गोष्ट लक्षात घ्या, दुसऱ्या देशातून वस्तू मागवली की कायद्याच्या नजरेत आयातदार तुम्ही असता, विकणारा नाही. दुकानदाराने माल त्याच्या देशातून पाठवला, त्याचं काम संपलं. तुमच्या देशात तो माल आत घ्यायचा तर त्यावरचा कर कुणीतरी भरायला हवा आणि तो कोण भरणार हे ऑर्डर करतानाच ठरलेलं असतं, फक्त ते बारीक अक्षरात असतं आणि आपण वाचत नाही. साइटवर डीडीपी असं लिहिलं असेल किंवा 'ड्युटी आणि टॅक्स समाविष्ट' असं असेल तर विकणाऱ्याने सगळं भरायचं आणि दारात तुमच्याकडून काही घ्यायचं नाही. डीएपी असेल तर माल दारापर्यंत येईल पण कर तुमचा. काही साइट्स अजून डीडीयू लिहितात, इन्कोटर्म्सच्या (माल पाठवताना कोणता खर्च कुणाचा हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय अटी) २०१० च्या नियमावलीत तो शब्द काढून टाकलाय, तरी व्यवहारात चालू आहे, अर्थ तोच, कर तुम्ही भरा. आणि काहीच लिहिलेलं नसेल तर कर आपल्यालाच पडणार असं धरून चाला.

आता चाळीस टक्के कुठून आले ते बघू. समजा वस्तू १०० ची, शिपिंग २०, त्या वस्तूवर ड्युटी म्हणजे आयात शुल्क १० टक्के आणि तुमच्या देशातला व्हॅट म्हणजे विक्रीवरचा कर २० टक्के. युरोपियन युनियन, ब्रिटन अशा ठिकाणी ड्युटी वस्तू अधिक शिपिंग अधिक विमा या सगळ्यावर लागते, म्हणजे १२० वर १० टक्के, झाले १२. मग व्हॅट लागतो तो या १२ सकट, म्हणजे १३२ वर २० टक्के, झाले २६.४०. दोन्ही मिळून ३८.४०. लोकांना वाटतं १० आणि २० मिळून ३० टक्के व्हायला हवेत, पण करावर कर आणि शिपिंगवर पण कर असं ते चढत जातं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे ड्युटी काढताना आंतरराष्ट्रीय शिपिंग धरत नाहीत, फक्त वस्तूची किंमत धरतात. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन करारानेच हा निर्णय ज्या त्या देशावर सोडलेला आहे, त्यामुळे मित्राला दुसऱ्या देशात कमी लागले आणि मला जास्त का असं वाटलं तर अनेकदा उत्तर तिथे असतं.

ड्युटीचा टक्का ठरतो एचएस कोडवरून. ब्रसेल्सला जागतिक सीमाशुल्क संघटना आहे, तिने १९८८ पासून लागू केलेली ही पद्धत, प्रत्येक वस्तूला सहा आकडी नंबर, पुढचे आकडे मग ज्या त्या देशाचे. कपडे आणि बूट यांवर बऱ्याच देशांत ड्युटी चांगलीच जास्त असते. पुस्तकं, लॅपटॉप, फोन यांवर अनेक ठिकाणी ड्युटी शून्य असते पण व्हॅट बहुतेक वेळा लागतो, तो विसरू नका. आणि हे फार जणांना माहीत नसतं की टक्का माल कुठून निघाला यावर नाही तर कुठे बनला यावर ठरतो. दुकान शेजारच्या देशातलं आहे, त्या देशाशी आपल्या देशाचा मुक्त व्यापार करार आहे, म्हणून ड्युटी नाही असं समजून लोक मागवतात आणि वस्तूवरचं लेबल निघतं तिसऱ्याच देशाचं, मग पूर्ण ड्युटी. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर तिथून माल मागवणाऱ्या युरोपातल्या लोकांना हा अनुभव खूप आला.

या सगळ्यावर कुरिअर कंपनीची स्वतःची फी असते, कारण तिने तुमच्या वतीने कर आधी भरलेला असतो आणि कागदपत्रं केलेली असतात. ही फी सरकारी नाही. छोट्या पार्सलला ती कधीकधी करापेक्षा जास्त होते आणि मला हे मनापासून खटकतं, कारण ग्राहकाला ऑर्डर करताना ती कुठेच दिसत नाही. म्हणून दारात बिल आलं की त्यात ड्युटी किती, व्हॅट किती, कंपनीची फी किती हे वेगळं करून मागा, तो तुमचा हक्क आहे. काही देशांत, उदाहरणार्थ कॅनडात, तुम्ही स्वतः कस्टमच्या ऑफिसात जाऊन कर भरून ही फी टाळू शकता, पण ते कुरिअरला आधीच कळवावं लागतं, त्यांनी क्लिअर केल्यावर नाही.

पार्सल नाकारायचं का? नाकारलं तर ते परत जाईल, पण परत पाठवण्याचा खर्च विकणारा तुमच्या रिफंडमधून कापून घेऊ शकतो आणि काही कुरिअर कर तरीही तुमच्याकडेच मागतात. आधी विकणाऱ्याची अट वाचा, मग ठरवा.

प्रश्न: एका ठराविक रकमेखाली काही लागत नाही असं सगळे म्हणतात. मग मोठी ऑर्डर छोट्या छोट्या तीन पार्सलमध्ये मागवली तर?

तुम्हाला सांगणारे कदाचित जुनी माहिती सांगतायत. ही मर्यादा सगळीकडे वेगळी आहे आणि गेल्या काही वर्षांत एकेक देश ती काढून टाकत चाललेत. युरोपियन युनियनमध्ये २२ युरोपर्यंतच्या पार्सलला व्हॅट नव्हता, तो १ जुलै २०२१ पासून पहिल्या युरोपासून लागतो. १५० युरोपर्यंत ड्युटीची सवलत ठेवली होती पण तीही काढून टाकायचं त्यांनी ठरवलंय. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर व्हॅट विकणाऱ्यानेच घ्यायचा असं केलं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर जीएसटी आणला, न्यूझीलंडने १ डिसेंबर २०१९ पासून, सिंगापूरने १ जानेवारी २०२३ पासून ४०० सिंगापूर डॉलरपर्यंतच्या मालावर. सगळ्यात मोठा बदल अमेरिकेत झाला, तिथे ८०० डॉलरपर्यंत काहीच लागत नव्हतं, ती सवलत आधी चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठी २ मे २०२५ ला आणि मग सगळ्याच देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली. त्या आठवड्यांत कितीतरी देशांच्या पोस्टांनी अमेरिकेला पार्सल घेणंच थांबवलं होतं कारण कर आधी कसा गोळा करायचा हेच ठरलेलं नव्हतं.

त्यामुळे मित्राला दोन वर्षांपूर्वी लागलं नाही याला काही अर्थ नाही, ऑर्डरच्या दिवशी आपल्या देशाच्या कस्टमच्या साइटवर बघा.

तीन पार्सलचं म्हणाल तर, एकाच ऑर्डरचे तुकडे करून एकाच विक्रेत्याकडून एकाच पत्त्यावर आले तर कस्टम ते एकच समजू शकतं, तसा त्यांना अधिकार असतो आणि हल्ली पोस्टाची माहितीसुद्धा माल पोचायच्या आधी कॉम्प्युटरवर येते त्यामुळे ते त्यांच्या लगेच लक्षात येतं. शिवाय प्रत्येक पार्सलला वेगळी हँडलिंग फी लागली तर तिप्पट जाईल. खरंच वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या गरजेच्या गोष्टी मागवल्या तर त्यात काही चूक नाही, पण कर चुकवायला तुकडे करू नका.

प्रश्न: व्हॅट साइटवर भरला होता, बिलावर स्पष्ट दिसतोय. पोस्टाने पुन्हा व्हॅट मागितला. दोनदा का भरायचा?

दोनदा भरायचा नाही. हे युरोपियन युनियनमध्ये बरंच होतं. तिथे आयओएसएस नावाची योजना आहे, १५० युरोपर्यंतच्या मालावरचा व्हॅट विकणारा किंवा मार्केटप्लेस (अनेक विक्रेत्यांचा माल विकणारी साइट) विक्रीच्या वेळीच घेतो आणि त्याला एक नंबर मिळालेला असतो, सुरुवातीला आयएम ही अक्षरं आणि पुढे दहा आकडे. हा नंबर पार्सलच्या इलेक्ट्रॉनिक माहितीत जायला हवा. विकणाऱ्याने तो टाकला नाही किंवा मधल्या कुठल्या कुरिअरने पुढे पाठवला नाही तर पार्सल पोचल्यावर कस्टमला वाटतं कर भरलेलाच नाही. दुसरं कारण म्हणजे सगळी ऑर्डर मिळून १५० युरोच्या वर गेलेली असते, मग ती योजना लागूच होत नाही.

पैसे भरायच्या आधीच ऑर्डरचं बिल पोस्टाला किंवा कुरिअरला ईमेल करा, त्यावर व्हॅटची रक्कम दिसली पाहिजे, आणि पार्सल तेवढे दिवस थांबवायला सांगा. नाही ऐकलं आणि वस्तू लगेच हवी असेल तर भरून घ्या, पावती जपा, आणि साइटकडे त्यांनी घेतलेला व्हॅट परत मागा, मोठ्या मार्केटप्लेस पावती बघून देतात. सरकारकडे भरलेला परत मिळवण्यापेक्षा हा मार्ग खूपच सोपा आहे.

प्रश्न: विक्रेता स्वतःहून म्हणाला की पार्सलवर 'गिफ्ट' लिहितो आणि किंमत कमी दाखवतो, कर लागणार नाही. हो म्हणू का?

नाही म्हणा, आणि चॅटमध्ये लिहून म्हणा.

विकत घेतलेली वस्तू गिफ्ट नसते. गिफ्टची सवलत आहे ती एका माणसाने दुसऱ्या माणसाला पैसे न घेता पाठवलेल्या वस्तूसाठी, आणि तीही छोटी, युरोपियन युनियनमध्ये ४५ युरो, ब्रिटनमध्ये ३९ पौंड. पाठवणारं दुकान आहे हे पाकिटावर, पत्त्यावर, माल बघून कळतंच. मग कस्टम तुम्हाला पत्र पाठवतं की पैसे भरल्याचा पुरावा आणा. तेव्हा तुमच्या कार्डाच्या स्टेटमेंटवर खरी रक्कम आणि लेबलवर दुसरीच, आणि विक्रेता तर दुसऱ्या देशात बसलाय, उत्तर द्यायला तुम्हीच. आयातदार तुम्ही म्हटलं ना, त्याचा अर्थ हा. कर तर लागतोच, वर दंड, आणि काही वेळा माल जप्त. जे व्हिसावर राहतात त्यांनी तर हे अजिबातच अंगावर घेऊ नये, परक्या देशातल्या सरकारी नोंदीत आपल्या नावापुढे खोटी माहिती दिल्याची नोंद का म्हणून हवी.

अजून एक नुकसान आहे जे लोकांच्या लक्षात येत नाही. पार्सल हरवलं किंवा फुटलं तर भरपाई लेबलवर लिहिलेल्या किमतीइतकीच मिळते. खरी किंमत कितीही असो, कागदावर दहा लिहिलंय तर दहाच.

उलट बाजूही सांगतो, खरीखुरी भेट घरच्यांनी पाठवली असेल तर घाबरायचं काही कारण नाही. त्यांना म्हणावं सीएन २२ किंवा मोठ्या पार्सलला सीएन २३ हा पोस्टाचा फॉर्म नीट भरा, 'गिफ्ट' एवढंच लिहू नका, आत काय आहे ते लिहा, 'सुती कुर्ता, २ नग' असं, आणि खरी किंमत. नुसतं 'कपडे' किंवा 'घरगुती सामान' लिहिलेली पार्सलं उघडून बघायला बाजूला काढली जातात, हे मी रोज बघतो.

प्रश्न: ट्रॅकिंगमध्ये दोन आठवडे 'कस्टममध्ये आहे' एवढंच दिसतंय. कुणाला फोन करू?

आधी बघा पार्सल पोस्टाने आलंय की कुरिअरने. ट्रॅकिंग नंबर तेरा जागांचा असेल, आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी पुन्हा दोन अक्षरं, तर ते आंतरराष्ट्रीय पोस्ट आहे. शेवटची दोन अक्षरं ज्या देशातून निघालं त्या देशाची असतात. असा नंबर तुमच्या देशाच्या पोस्टाच्या साइटवर टाका, पाठवणाऱ्या देशाच्या साइटपेक्षा तिथे जास्त कळतं, आणि चौकशीही तिथेच. नंबर वेगळ्या धाटणीचा असेल तर कुरिअर, आणि कुरिअरचं क्लिअरन्स त्यांचा स्वतःचा विभाग किंवा ब्रोकर करतो, म्हणून तिथे फोन करताना 'पार्सल कुठे आहे' असं न विचारता 'क्लिअरन्ससाठी माझ्याकडून कुठली कागदपत्रं हवी आहेत' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला कॉल सेंटरवाला तुम्हाला स्क्रीनवर दिसतंय तेच वाचून दाखवतो, दुसऱ्या प्रश्नाला फोन पुढे जोडून देतो.

नव्याने राहायला आलेल्यांची पार्सलं अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ओळख क्रमांक. दक्षिण कोरियात वैयक्तिक कस्टम क्रमांक लागतो, पी अक्षर आणि पुढे बारा आकडे, तो ऑनलाइन काढता येतो. ब्राझीलमध्ये सीपीएफ हा करदात्याचा नंबर नसेल तर पार्सल पुढे सरकत नाही. तैवानमध्ये ॲपवरून खऱ्या नावाने ओळख पटवून द्यावी लागते. तुम्ही नवीन देशात गेल्यावर बँक खातं उघडता, सिम घेता, तसंच पहिली परदेशी ऑर्डर द्यायच्या आधी इथे असा कुठला नंबर लागतो का हे विचारून घ्या. आणि नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच ऑर्डरवर लिहा. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन पदरी नाव असतं, साइटवर दोनच रकाने असतात, मग कधी मधलं नाव जातं कधी आडनाव आधी येतं, आणि ओळखपत्राशी जुळत नाही म्हणून पार्सल बसून राहतं.

पत्र किंवा ईमेल आलं असेल तर त्यातली तारीख बघा. ठराविक मुदतीत उत्तर नाही दिलं तर पार्सल परत जातं नाहीतर नष्ट करतात. मागतात ते साधंच असतं, बिल, पैसे भरल्याचा पुरावा, वस्तूचं वर्णन किंवा साइटची लिंक, स्वतःसाठी आहे की विकायला. हे सगळं ऑर्डर करतानाच पीडीएफ करून एका फोल्डरमध्ये ठेवत जा, कारण नंतर साइटवरून ते पान गायब होतं.

प्रश्न: मला रोज घ्यावं लागणारं एक औषध इथे त्या ब्रँडचं मिळत नाही. पूर्वी राहत होते तिथल्या ऑनलाइन फार्मसीतून मागवू शकते का? डॉक्टरांची चिठ्ठी आहे.

ताई, कृपा करून आधी चौकशी करा, मग ऑर्डर. इथे फक्त पैशाचा प्रश्न नाही. चिठ्ठी असली तरी एका देशात साधं असलेलं औषध दुसऱ्या देशात नियंत्रित असू शकतं. जपानमध्ये सुडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेली सर्दीची औषधं चालत नाहीत आणि ॲम्फेटामिन असलेली औषधं तर चिठ्ठी असूनही आणता येत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन, ट्रामाडॉल अशा वेदनाशामक औषधांना आधी परवानगी घ्यावी लागते. अशा बाबतीत लोकांना पोलिसांना तोंड द्यावं लागलेलं आहे, आणि ते बिचारे आजारी माणसं होते, गुन्हेगार नाही.

दुसरं म्हणजे स्वतःबरोबर नेणं आणि पार्सलने मागवणं हे नियमांत एकच नाही. जर्मनीत तुम्ही प्रवासात स्वतःच्या गरजेपुरतं औषध बरोबर आणू शकता, पण युरोपियन युनियनबाहेरून पोस्टाने मागवायला सामान्य माणसाला परवानगी नाही. जपानमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध साधारण एक महिन्यापुरतं चालतं, त्यापेक्षा जास्त हवं असेल तर आधी आयातीचं प्रमाणपत्र काढावं लागतं.

तेव्हा ब्रँडचं नाव सोडा आणि औषधाचं मूळ घटकनाव लिहून घ्या, ते घेऊन तिथल्या फार्मासिस्टकडे जा. बहुतेक वेळा तेच औषध दुसऱ्या नावाने तिथे मिळतं आणि पार्सलची गरजच उरत नाही. अगदीच नसेल तर तिथल्या डॉक्टरांकडून तिथली चिठ्ठी घ्या आणि त्यांच्यामार्फत आयातीची परवानगी मागा. याला वेळ लागतो म्हणून हातातला साठा संपत आल्यावर नाही, बराच आधी सुरुवात करा. व्हिटॅमिन, प्रोटीन पावडर, वनस्पतींची चूर्णं यांनाही बऱ्याच देशांत औषधाचेच नियम लागतात हेही लक्षात असू द्या.

प्रश्न: पॉवर बँक मागवली, विकणाऱ्या देशाच्या पोस्टाने घेतलीच नाही. फोन मात्र येतो, मग पॉवर बँक का नाही?

कारण आग. फोनमध्ये बॅटरी यंत्राच्या आत बसवलेली असते, पॉवर बँक म्हणजे नुसती बॅटरी. सुटी लिथियम आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे आणि आंतरराष्ट्रीय पोस्टाने तर ती पाठवताच येत नाही. पॉवर बँक तुमच्या देशातच घ्या, किंवा येताना हातातल्या बॅगेत आणा, १०० वॅट तासांपर्यंत साधारण सगळ्या विमान कंपन्या नेऊ देतात. दहा हजार एमएएचची पॉवर बँक ३७ वॅट तासांची होते.

फोन मागवतानाही एक बघा, तुर्कस्तान, पाकिस्तान अशा देशांत बाहेरून आणलेल्या फोनचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नोंदवून कर भरावा लागतो, नाहीतर काही काळाने तिथल्या सिमवर फोन चालत नाही.

प्रश्न: आम्ही कायमचे दुसऱ्या देशात जातोय. घरच्या सामानावर कर लागत नाही असं कळलं. मग तिथे लागणाऱ्या नवीन वस्तूही आत्ताच ऑनलाइन मागवून सामानात घालाव्यात असा विचार आहे.

ही सवलत वापरलेल्या सामानासाठी असते. युरोपियन युनियनमध्ये अट अशी की तुम्ही आधी किमान सलग बारा महिने युनियनबाहेर राहिलेले असावेत, सामान किमान सहा महिने तुमच्याकडे वापरात असावं, आणि तिथे राहायला गेल्यापासून बारा महिन्यांच्या आत ते आणावं. आणल्यावर बारा महिने ते विकता येत नाही, उसनं किंवा भाड्याने देता येत नाही. अमेरिकेत घरसामान किमान एक वर्ष वापरलेलं असावं लागतं. म्हणजे खोक्यातला नवाकोरा मिक्सर या सवलतीत बसत नाही, आणि तो सामानात दडवून ठेवलेला सापडला तर बाकीच्या प्रामाणिक सामानाचीही कसून तपासणी होते. नवीन वस्तू यादीत वेगळ्या दाखवा, बिलं जोडा, त्यांच्यापुरता कर भरा, सामान लवकर सुटतं.

लाकडी पेटीतून सामान पाठवणार असाल तर त्या लाकडावर आयएसपीएम १५ चा शिक्का आहे का ते पॅक करणाऱ्याला विचारा, कीड जाऊ नये म्हणून लाकूड तापवून घेतल्याची ती खूण असते. आणि घरात हस्तिदंताची, प्रवाळाची किंवा कासवाच्या पाठीची जुनी वस्तू असेल तर ती साइटीस (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्याशिवाय हलवू नका, आजीची असली तरी.

प्रश्न: मेसेज आला, 'तुमचं पार्सल कस्टममध्ये आहे, छोटी रक्कम या लिंकवर भरा.' मी खरंच पार्सलची वाट बघतेय. भरू का?

त्या लिंकवर नको. हे चोर हजारो लोकांना असे मेसेज पाठवतात, त्यातल्या काहींचं पार्सल खरंच वाटेत असतंच, त्यांना ते खरं वाटतं. रक्कम मुद्दाम छोटी ठेवतात, त्यांना हवा असतो तुमच्या कार्डाचा नंबर. तुमच्याकडे असलेला ट्रॅकिंग नंबर स्वतः पोस्टाच्या किंवा कुरिअरच्या ॲपमध्ये टाका, खरंच काही भरायचं असेल तर तिथे दिसेल. मेसेजमध्ये तुमचा ट्रॅकिंग नंबर नसेल तर संशय पक्का धरा. आणि चुकून कार्डाचा नंबर टाकला गेलाच असेल तर लाजून बसू नका, त्याच मिनिटाला बँकेला फोन करून कार्ड बंद करा.

प्रश्न: बूट मापाचे नाही आले, परत पाठवतोय. विक्रेता वस्तूचे पैसे देणार आहे, पण मी भरलेली ड्युटी?

ती विक्रेता देत नाही, सरकारकडे तुम्हालाच मागावी लागते, आणि बहुतेक लोक मागतच नाहीत, पैसे तसेच सोडून देतात. बऱ्याच देशांत परत पाठवलेल्या मालावरचा कर परत मिळतो. युरोपियन युनियनमध्ये सदोष किंवा ठरल्याप्रमाणे नसलेल्या मालासाठी एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो, ऑनलाइन खरेदी मनाप्रमाणे नाही म्हणून परत केली तर मुदत त्याहून बरीच कमी असते, म्हणून परत पाठवल्याबरोबर अर्जाला लागा. लागतं काय, तर कर भरल्याची पावती, मूळ बिल, विक्रेत्याने माल परत घेतल्याचा पुरावा, आणि माल देशाबाहेर गेल्याचा पुरावा. सगळं अडतं ते या शेवटच्यावर. लोक साध्या पोस्टाने पाकीट टाकून मोकळे होतात आणि मग दाखवायला काही नसतं. ट्रॅकिंग घेऊनच पाठवा आणि कस्टम फॉर्मवर 'परत पाठवलेला माल' असं स्पष्ट लिहा, म्हणजे पलीकडे विक्रेत्यालाही पुन्हा ड्युटी लागत नाही आणि तो तुमचं पार्सल नाकारत नाही. कुरिअरने घेतलेली फी मात्र परत मिळत नाही. तेव्हा रक्कम अगदीच किरकोळ असेल तर एवढा खटाटोप करायचा का ते तुम्हीच ठरवा, पण बुटांवरची ड्युटी जास्त असते, माझ्या मते तुम्ही अर्ज करावा.